प्रतिसाद: टीएसएच नॉर्मल, तरी थायरॉईड वगळता येत नाही

डोळा पुढे आलेल्या रुग्णाचं टीएसएच (थायरॉईडचं काम दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल आलं म्हणून थायरॉईडचा विषय संपला, हे वरच्या पोस्टमधलं मत घाईचं वाटतं. प्रौढांत डोळा पुढे येण्याचं सर्वात मोठं कारण थायरॉईडशी निगडित डोळ्याचा आजारच, अगदी एकाच डोळ्यात असलं तरी. टीएसएच ठीक असतानाही हा आजार असू शकतो, टीआरएबी (थायरॉईडवर काम करणाऱ्या अँटिबॉडीची रक्ततपासणी) तपासा. सीटी स्कॅनमध्ये यात डोळा हलवणाऱ्या स्नायूचा मधला भाग जाड आणि टोकाचा कंडरा (स्नायूला डोळ्याशी जोडणारा पट्टा) सहसा शाबूत दिसतो.

आधी मात्र पापणी सुजलीय की बुबुळासकट डोळाच पुढे आलाय, ते ठरवा. रुग्णाला बसवून मागून, कपाळावरून खाली बघा. हर्टेल मापकावर (डोळा किती पुढे आलाय ते मोजणारं साधन) दोन डोळ्यांत २ मिमीहून जास्त फरक म्हणजे संशय. (चष्म्याचा मोठा मायनस नंबर असला तरी डोळा बटबटीत दिसतो!)

ताप, डोळा हलवताना दुखणं, लाल रंग फिका दिसणं: त्याच दिवशी रुग्णालय.