चार वर्षांनी पुन्हा वर्गात, आणि रात्रीचा फोन

कोरं_पान:
आईच्या आजारपणात इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष अर्ध्यावर सुटलं. ती आता बरी आहे. चार वर्षांनी मी पुन्हा प्रवेश घेतला, त्याला सहा आठवडे झाले. अभ्यास जड जातोय, पण तो जमेल. अडतं ते रात्री.

काल कंट्रोल सिस्टिमची जुनी वही काढली. एक गणित 'म्हणून समीकरण 3 वरून' इथे थांबलंय, पुढे पान कोरं. तेच पुरं करायला बसले. तीन ओळी झाल्या, किती वाजले बघायला फोन उचलला, तर समोर माझ्या जुन्या बाकावरच्या मैत्रिणीची पोस्ट: बढती मिळाली. मनापासून अभिनंदन लिहिलं. मग तिचे फोटो, मग अख्ख्या बॅचचे. भानावर आले तेव्हा पाऊण वाजला होता आणि वहीत त्या तीनच ओळी.

आताच्या वर्गातली मुलं चांगली आहेत, पण त्यांचं निम्मं बोलणं रील्सवरचं, मला संदर्भच लागत नाही. सगळं काढून टाकावं तर सबमिशनच्या तारखा ग्रुपवरच येतात. परत आलेल्यांनी हे कसं निभावलं?

सहा_वर्षांनी:
मी सहा वर्षांनी परतलो. ग्रुप फोनवर ठेवला, इन्स्टा फक्त लॅपटॉपवर. पासवर्ड दर वेळी टाकावा लागला की निम्म्या वेळा हात मागे येतो. जुन्या बॅचला म्यूट करा. समोरच्याला ते कळत नाही, त्यामुळे नातं दुखावत नाही.

आणि त्या मैत्रिणीला फोन कराच. मी माझ्या जुन्या मित्राला केला. त्याने कपाटातून जर्नल शोधून पाठवलं आणि तीन रविवार कॉलवर बसून माझा अडलेला विषय शिकवला. फीडवर तो मला रोज दिसायचा, बोलणं मात्र चार वर्षांत एकदाही झालं नव्हतं.

खडू_फळा:
मी शिकवते, म्हणून दोन गोष्टी सांगते. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये मांडलं होतं की माणूस स्वतःला तोलतो ते आपल्यासारख्याच माणसांशी. म्हणून एखाद्या नटीच्या बंगल्याचा फोटो तुला टोचत नाही, बाकावरच्या मैत्रिणीची बढती टोचते. यात तुझ्या मनाचा कोतेपणा नाही गं.

दुसरं अभ्यासाचं. खंड पडलेली मुलं घाबरून तेच धडे पुन्हा पुन्हा वाचतात. रोडिगर आणि कार्पिक यांच्या 2006 च्या प्रयोगात पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते, पण आठवड्यानंतर पुढे होते ते वाचून झाल्यावर पुस्तक मिटून आठवून लिहिणारे. तेव्हा जुनी वही मिटून कोऱ्या कागदावर लिही. अडेल तिथेच उघड.

शेवटचा_बाक:
ताई, आमच्या वर्गातही अशी एक ताई आहे. ती गप्प असायची, आम्हाला वाटायचं तिला आमच्यात यायचंच नाही. एकदा तिने माझ्याकडे चुकलेल्या प्रॅक्टिकलची रीडिंग्ज मागितली, तेव्हापासून आमच्या टेबलावरच असते. रील कळलं नाही तर सरळ विचारा. आम्हाला सांगायला आवडतं.

कोरं_पान:
सगळ्यांचे खरंच आभार. खडू_फळा, 'कोतेपणा नाही' हे वाक्य मी दोनदा वाचलं. मैत्रिणीला मेसेज केलाय, शनिवारी बोलतोय. आज फोन आईच्या खोलीत चार्जिंगला लावला आणि ते गणित पहिल्या ओळीपासून, वही न बघता लिहिलं. समीकरण 3 च्या पुढे गेले, शेवटी एक चिन्ह चुकतंय. कुठे ते सापडत नाहीये, उद्या लॅबमध्ये शेजारच्या मुलीला विचारते.