तीर्थनवर ऑक्टोबरअखेर ट्राउटला गळ टाकावा का? (लायसन असलं तरी)

गळकरी_पुणे

दिवाळीच्या सुट्टीत पाच दिवस तीर्थन खोऱ्यात होतो, गुशैणी गावाच्या वरच्या अंगाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही हिमाचलच्या कुल्लू जिल्ह्यातली नदी, ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कातून खाली येते आणि लारजीजवळ बियासमध्ये जाते. ट्राउटसाठी नाव आहे तिचं. मत्स्यखात्याचं लायसन काढून कोणीही गरवू शकतं, १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारी संपेपर्यंत बंदी. म्हणजे मी गेलो तेव्हा सगळं कायद्यात बसत होतं, हे आधीच सांगून ठेवतो नाहीतर पहिला रिप्लाय तोच येईल.

कंडिशन म्हणाल तर स्वप्नवत. पावसाचं पाणी ओसरलेलं, वरचा बर्फ वितळायचा थांबलेला, त्यामुळे नदी अर्ध्यावर आलेली आणि तळातला खडा न् खडा मोजता येईल इतकी नितळ. सकाळी थर्मामीटर बुडवला तर ९ डिग्री. उन्हं दरीत उतरेपर्यंत मासा हलत नाही, त्यामुळे आरामात पराठे खाऊन अकराला पाण्यावर जायचं आणि तीनला परत. पाणी एवढं स्वच्छ की मासा तुम्हाला आधी बघतो, नुसती सावली पडली तरी पसार. लीडर (दोरीच्या टोकाचा पारदर्शक धागा) लांब लावावा लागला, टिपेट (त्याचं सगळ्यात बारीक टोक) ६एक्स म्हणजे जेमतेम ०.१३ मिमीचा, आणि फ्लाय (हुकवर बांधलेला नकली किडा) १८-२० नंबरची, तांदळाच्या दाण्याएवढी. एवढं सगळं करून पहिल्या दोन दिवसात चार लागले, चारही ब्राउन ट्राउट, चारही सोडले. जाम खूश होतो.

तिसऱ्या दिवशी मात्र सगळा मूड गेला. एका डोहाच्या शेपटीला, जिथे पाणी उथळ होऊन पुढे घसरतं ना तिथे, दोन मोठे मासे दिसले, हालतच नव्हते. होमस्टेवाल्याचा भाऊ सोबत होता, म्हणाला साहब वहीं डालो, पक्का लगेगा. टाकला. दुसऱ्याच कास्टला लागला. जवळ आणला तर नर, खालचा जबडा आकड्यासारखा वर वळलेला, आणि हुक काढायला हातात धरला तर पोटातून दुधासारखं पांढरं, म्हणजे नराचं वीर्य, माझ्या बोटांवर ओघळलं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. नीट बघितलं तर बाकी सगळे दगड शेवाळाने काळपट आणि मधेच एक गोल पट्टा घासलेल्या परातीसारखा लख्ख. मादीने शेपटीने खडी उकरून केलेलं घरटं, इंग्रजीत रेड म्हणतात ते. खडीखाली अंडी. आणि असल्याच एका पट्ट्यावरून मी सकाळी बूट घालून आडवा गेलो होतो, तेव्हा वाटलं होतं वा, पाय ठेवायला किती छान स्वच्छ जागा.

तर माझं म्हणणं एवढंच की ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात मासा सोपा होतो तो आपण हुशार झालो म्हणून नाही. तो जागा सोडत नाही, चिडून फ्लायवर तोंड मारतो, भूक नसली तरी. कंडिशन भारी वाटतात त्याचं कारणच हे आहे. लायसन ३१ तारखेपर्यंत चालत असलं तरी आपण १५ ला थांबायला हवं. पटतंय का कोणाला?

भाऊ_ट्राउटवाले

नाही पटत. आठ वर्षं जातोय मी तिकडे आणि दरवर्षी ऑक्टोबरलाच जातो. बंदीची तारीख खात्याने ठरवलीय, तुम्ही पाच दिवस जाऊन आलात आणि नवीन तारीख काढलीत. उद्या कोणी म्हणेल १ ऑक्टोबर, परवा कोणी म्हणेल गरवूच नका. आणि सोडताय ना मासा? मग प्रॉब्लेम काय. हुकची दाढ पक्कडीने दाबायची, हात ओले करायचे, मासा पाण्याबाहेर काढायचाच नाही, दहा सेकंदात मोकळा. परत जाऊन बसतो घरट्यावर, मी डोळ्यांनी बघितलंय.

दुसरं म्हणजे त्या खोऱ्यातल्या पोरांचा विचार करा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी गाइडचं काम शून्य. ऑक्टोबरचे पंधरा दिवस म्हणजे त्यांचा दिवाळी बोनस आहे. तुम्ही पुण्यात बसून तत्त्वं सांगणार आणि तो पोरगा सफरचंदाच्या पेट्या उचलणार.

मालवणी_पागी

मी ट्राउट बघितलेला नाही पण विषय ओळखीचा वाटला म्हणून मधे पडतो. आमच्याकडे चढणीचे मासे असतात, रायगडकडे वलगण म्हणतात. पहिला मोठा पाऊस झाला की खवळे, शिंगटी असले गोड्या पाण्यातले मासे व्हाळातून (ओढ्यातून) उलटे चढून शेतात येतात अंडी घालायला. गाभोळीने पोटं टम्म. आणि आख्खा गाव बॅटरी, कोयते, खोलबे, मिळेल ते घेऊन रात्रभर शेतात. लहानपणी मीही होतो त्यात, त्यासारखी मजा दुसरी नाही आणि त्या माशाची चव पण दुसरी नाही. आता त्याच शेतात चार वर्षांत तीनदा रिकाम्या हाताने आलोय. फक्त आम्हीच संपवले असं नाही म्हणत, शेतात मारलेली औषधं आहेत, व्हाळांवर बंधारे झाले. पण आम्ही पण होतोच की त्यात.

समुद्रात बरं, १ जून ते ३१ जुलै बोटी बंद म्हणजे बंद. व्हाळाला कोण विचारतो.

बाकी एक गोष्ट मात्र माझ्या आजीला आयुष्यात कळली नसती. मासो धरायचो, फोटो काढायचो आणि परत सोडायचो. खावचो नाय तर गरवतास कित्याक?

जलचर

सगळे भावनेत वाहताय, मूळ मुद्दा कोणी बोलतच नाहीये. ब्राउन ट्राउट हा तीर्थनचा मासाच नाही. युरोपातला. इंग्रजांनी काश्मीरमध्ये १९०० साली स्कॉटलंडहून अंडी आणली, तिथून १९०९ च्या सुमारास कुल्लूत. साहेबाला सुट्टीत गळ टाकायला करमणूक हवी होती म्हणून आणलेला मासा आहे हा. जगातल्या सर्वात उपद्रवी १०० परक्या जातींची आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेची यादी आहे त्यात ब्राउन पण आहे आणि रेनबो ट्राउट पण. तिथला खरा मासा म्हणजे स्नो ट्राउट, लोक गुगली म्हणतात, नावात ट्राउट असलं तरी तो कार्पच्या कुळातला, शेवाळ खरवडून खाणारा गरीब प्राणी. तो धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे. ब्राउन त्याची पिल्लं खातो, जागा बळकावतो.

तर गळकरी साहेब, तुम्ही ज्या घरट्यावर पाय पडला म्हणून हळहळताय ते घरटं भाडेकरूचं आहे आणि मूळ मालक घराबाहेर उभा आहे. माझं उलट मत आहे, ऑक्टोबरमध्ये भरपूर पकडा आणि सोडू नका, खा. मालवणी आजी बरोबर होत्या.

गळकरी_पुणे

@जलचर हे मला माहीत होतं पण मुद्दाम टाळलं होतं, पकडलंत. मान्य, परका आहे. पण शंभरहून जास्त वर्षं झाली, आता तो निघणार नाही त्या नदीतून, आणि खातं स्वतः हॅचरीत वाढवलेलं बीज सोडतं, जवळच नागिणीला त्यांचं ट्राउट फार्म आहे. आणि एक बाजू तुम्ही पण टाळताय. शेजारची सैंज नदी बघा, पार्वतीचा जलविद्युत प्रकल्प, बोगदे, काही ठिकाणी नदी म्हणजे दगडांचा ढीग. खाली लारजीला धरण. तीर्थनवर मात्र स्थानिक लोकांनी भांडून जलविद्युत प्रकल्प होऊ दिले नाहीत आणि त्या भांडणात ट्राउट हा एक मोठा मुद्दा होता. म्हणजे या भाडेकरूमुळेच वाडा पाडायचा राहिला असं म्हणा. पाणी वाहतं राहिलं म्हणून तुमची गुगली पण आहे.

@भाऊ गाइडच्या पोटाचा मुद्दा खरा आहे, त्याला माझ्याकडे धड उत्तर नाही. घरट्यावर परत जाऊन बसतो म्हणता, बसत असेलही. पण नर लावताना मी मागे सरकत सरकत कशावर उभा राहतो ते तुम्ही बघितलंय का? अंडी खडीखाली दोन-तीन महिने असतात, पाणी जितकं गार तितकी जास्त.

रोडट्रिपर_नाशिक

विषयांतर, पण औटच्या बोगद्यानंतर बंजारपर्यंत रस्ता कसा आहे सध्या? छोटी गाडी जाते का

गळकरी_पुणे

जाते. काही ठिकाणी दरड पडून एकेरी आहे. रात्री नको.

डेन्व्हरकर

मी कोलोरॅडोत असतो, इथेही ब्राउन ऑक्टोबर-नोव्हेंबरलाच घरटी करतात, नद्या मात्र बहुतेक वर्षभर उघड्या. म्हणजे कायदा काही सांभाळत नाही, लोकांनी एकमेकांना सांभाळायचं. नवखा कोणी घरट्यावरच्या माशाला फ्लाय टाकताना दिसला की दुसरा काठावरून ओरडतो, एकदा मीच खाल्लाय ओरडा, १३ वर्षांपूर्वी, अजून लक्षात आहे. 😅

मधला मार्ग आहे. उथळ शेपट्या, खडीचे पट्टे सोडून द्या. खोल डोहात, पांढऱ्या फेसाच्या पाण्यात, मोठ्या धोंड्यांच्या पोटात गरवा, तिथे जे मासे असतात ते अंडी घालायला अजून तयार झालेले नसतात किंवा घालून मोकळे झालेले असतात. आणि पाण्यात उतरूच नका, काठावरूनच. रेनबो असतील तर ते घरट्याच्या खालच्या बाजूला उभे राहून वाहत आलेली अंडी खातात, काही जण बरोबर तिथे नारिंगी मण्यासारखी फ्लाय टाकतात. ते योग्य की अयोग्य यावर इथे लोक तासन् तास भांडतात, त्यात जात नाही.

गळकरी_पुणे

@डेन्व्हरकर तुमच्या नद्या रुंद असतील हो. तीर्थन काही ठिकाणी तीस-चाळीस फूट रुंद, काठाला झुडपं आणि घसरडे धोंडे, मागे कास्ट घ्यायला जागा नाही. पाण्यात उतरल्याशिवाय फ्लाय टाकताच येत नाही निम्म्या जागी. म्हणून तर तिथले लोक स्पिनर (पाण्यात फिरणारं चकचकीत पातं लावलेला गळ) वापरतात.

भाऊ_ट्राउटवाले

हे सगळं ऐकून घेतलं. आता एक सांगा, जुलै २०२३ चा पूर आठवतो का? आख्खे डोह भरून गेले, माझी लाडकी जागा होती एका झुलत्या पुलाखाली, तिथे आता वाळवंट आहे, धोंडे पण ओळखीचे राहिले नाहीत. एका रात्रीत नदीने जेवढे मासे मारले असतील तेवढे तुम्ही आम्ही सगळे मिळून सात जन्मात मारणार नाही. आणि आपण इथे बुटाखाली किती अंडी आली मोजतोय. किलोभराच्या मादीत हजार-दीड हजार अंडी असतात, बहुतेक तशीही मरतातच.

जलचर

@भाऊ हे म्हणजे दुष्काळात एवढे मेले मग मी एक चोरी केली तर काय, असं झालं. मी ब्राउनच्या बाजूचा नाही तरी हे लॉजिक चुकीचं आहे.

स्वाती_ट्रेकवेडी

मी गळ टाकत नाही, नवरा टाकतो, मी काठावर बसून पुस्तक वाचते, त्यामुळे तटस्थ म्हणून बोलते. पुराचा मुद्दा मला उलटाच वाटतो. पुरातून जे थोडे मोठे मासे वाचले तेच आता घरटी करतायत ना, मग नेमके तेच सोडायला नकोत का? नळाला पाणी कमी असलं की आपण बादली जास्त जपतो.

आणि गाइडचा मुद्दा. आम्ही गेल्या वेळी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो, सीझन नुकताच उघडलेला, खोऱ्यात आमच्याशिवाय दोनच पाहुणे. होमस्टेच्या काकू म्हणाल्या की मार्चमध्ये कोणी येतच नाही, सगळ्यांना मे हवा असतो किंवा दिवाळी. मे-जूनमध्ये बर्फाचं पाणी गढूळ आणि जोरात, जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस, म्हणजे गरवायला नीट काळ मार्च-एप्रिल आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर एवढाच. ज्यांना गाइडची काळजी आहे त्यांनी मार्चमध्ये चार दिवस जास्त जावं की. शाळांना सुट्टी नसते हे खरंय, पण भाऊंची मुलं आता कॉलेजात असतील. 🙂

मालवणी_पागी

@स्वाती बादली एकदम करेक्ट

भाऊ_ट्राउटवाले

मुलं कॉलेजात आहेत, बरोबर ओळखलंत. पण मार्चमध्ये माझं इयरएंडिंग असतं ताई, सीएच्या माणसाला मार्चमध्ये नदी दाखवू नका.

माझं मत तेच आहे. खोल डोहाचं आणि काठावरून गरवायचं ते डेन्व्हरकरांचं ऐकतो, ते कामाचं आहे. पण तारीख मी बदलणार नाही. पुढच्या वर्षी २५ ते ३० ऑक्टोबर तिथेच असेन.

गळकरी_पुणे

असा. पार्कच्या गेटकडे जाताना दुसऱ्या झुलत्या पुलाच्या खाली डाव्या हाताला उथळ पट्टा आहे, यंदा परातीएवढे तीन गोल होते तिथे. तेवढं वळसा घालून जा.