सारखा फेकावा लागणार नाही असा इमर्जन्सी लाइट आणि रेडिओ कोणता?

मंडळी, घरातला तिसरा इमर्जन्सी लाइट परवा गेला. आतली बॅटरी फुगलेली, बॉडी चिकटवलेली, उघडायला गेलो तर तुटलीच. आता असा कचरा वाढवायचा नाहीये. सोलर, हँडल फिरवायचा रेडिओ, टॉर्च, मोबाइल चार्जिंग सगळं एकातच असलेला एक बघितलाय. घेऊ का?

उत्तर १
दादा थांबा जरा. हँडलवर मोबाइल चार्ज होतो हे गाजर आहे. हाताने ३ वॉट निघाले असं धरलं तरी मिनिटाला ०.०५ वॉट-अवर (साठलेल्या विजेचं माप, १ वॉट तासभर) होतात, मोबाइलला १५ तरी लागतात, म्हणजे ५ तास गरागरा फिरवत बसा, तेही काहीच वाया गेलं नाही तर! रेडिओ फार कमी खातो, त्याला हँडल ठीक आहे. वरचं सोलर पॅनल तळहाताएवढं, त्यावर फार भिस्त नको.

उत्तर २
मी तर म्हणेन लाइट वेगळा, रेडिओ वेगळा, पण दोन्ही डबल ए (पेन्सिल) सेलवर चालणारे. एक बिघडला तर दुसरा राहतो आणि सेल अदलाबदल करता येतात. रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड घ्या, लो सेल्फ डिस्चार्ज वाले, नुसते ठेवले तरी चार्ज बराच टिकतो. २००० एमएएच क्षमतेचे, प्रत्येकी १.२ व्होल्टचे ३ सेल म्हणजे ७ वॉट-अवर, १ वॉटचा एलईडी सहा-सात तास आरामात. साधे अल्कलाइन मात्र आत घालून विसरू नका, गळतात आणि सेलला टेकणाऱ्या पट्ट्या खातात (माझा एक चांगला रेडिओ असाच गेला 😑).

उत्तर ३
रेडिओत मीडियम वेव्ह (एफएमशिवायचा दुसरा, एएम बँड) आहे ना बघा. एफएम लांब जात नाही, मीडियम वेव्ह रात्री शेकडो किमीवरून पकडतो. आणि खरखर आली तर आधी एलईडी लाइट लांब ठेवून बघा, बरेचदा तोच त्रास देत असतो.

मूळ प्रश्नकर्ता
हे भारी. माळ्यावर एक जुना जड लाइट पण आहे, चार्जच होत नाही, भंगारात देऊ?

उत्तर २
जड आहे म्हणजे आत लेड अ‍ॅसिड (शिशाची) बॅटरी असणार, ती चार्ज न करता ठेवली की आत सल्फेटचा थर धरून मरते. पण त्यात बहुतेक ४ किंवा ६ व्होल्टची साधी बॅटरी असते, दोन वायरी, बस. स्क्रू असतील तर उघडा आधी. जुनी बॅटरी कचऱ्यात नको, बॅटरीवाल्याला द्या, शिसं परत वापरतात.

मूळ प्रश्नकर्ता
चार स्क्रू निघाले. ६ व्होल्ट लिहिलंय. नवीन टाकून बघतो.