प्रति: पैशाची अट नसेल तर घरात माशांची कसली टाकी?

या प्रश्नावर ज्यांनी बाराव्या मजल्यावरच्या हॉलमध्ये भिंतभर खाऱ्या पाण्याची टाकी, त्यात जिवंत प्रवाळ आणि समुद्रघोडे असं चित्र रंगवलंय, त्यांना काच, पंप, चिलर (पाणी थंड ठेवणारं यंत्र) सगळं मिळेल, पण स्लॅबचं काय? तीन मीटर लांब, एक मीटर रुंद, दीड मीटर उंच टाकी म्हणजे साडेचार हजार लिटर. समुद्राचं पाणी लिटरला साधारण 1.025 किलो भरतं, म्हणजे काच, दगड, स्टँड सोडून नुसतं पाणीच साडेचार टनांच्या वर. दर चौरस मीटरला दीड टनाहून जास्त! घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला 200 किलो चल भार (माणसं, सामानसुमान यांचं वजन) धरून काढतात. तेव्हा स्वप्न बघायचंच तर तळमजल्याचा बंगला बघा, टाकीखाली वेगळा पाया घाला आणि आर्किटेक्टआधी स्ट्रक्चरल इंजिनिअर गाठा.

दुसरी गोष्ट पैशाने सुटणारी नाही. खडक बांधणारे प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत आहेत. आपल्या समुद्रातून ते काढणं, विकणं हा गुन्हा. दुकानदार ‘सब मिलता है’ म्हणतो, ते सोडा. मी तरी नकली खडक आणि हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रात) वाढवलेले क्लाउनफिश, म्हणजे ते केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे मासेच ठेवीन; केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची पैदास आपल्याकडे करून दाखवली आहे. वाचलेला पैसा जनरेटरवर. मे महिन्यात वीज गेली की चिलर आणि पंप दोन्ही बंद, आणि गरम पाण्यात ऑक्सिजन तसाही कमीच विरघळतो.