बेळगावहून गुलबर्गा, बीदर, विजापूर: पाच दिवसांत आधी काय, शेवटी काय?

शहापूरचा झेरॉक्सवाला

नमस्कार मंडळी. भाऊबीज झाली की पाच दिवस दुकान बंद ठेवायचं ठरवलंय, सतरा वर्षांत पहिल्यांदा. बेळगावच्या शहापुरात माझं झेरॉक्स-बाइंडिंगचं दुकान आहे, त्यामुळं आमची सहल म्हणजे आजवर नरसोबाची वाडी नाहीतर गोवा. सकाळी जायचं, रात्री शटरला कुलूप आहे ना ते बघूनच घरी शिरायचं.

आम्ही पाच जण आहोत. मी, बायको, नववीतला पोरगा, आई आणि बाबा. बाबा ७४ वर्षांचे, कोर्टातून शिरस्तेदार म्हणून रिटायर झालेले. गुडघे कुरकुरतात, खरं जीभ अजून उलटतपासणीला तयार. हंपी-बदामी दोनदा झालंय, आणि सुट्टीत तिथं दगडापेक्षा डोकीच जास्त दिसतात. पोरगा परवा बहामनी राज्याचा धडा पाठ करत होता. मध्येच विचारलं, "पप्पा, गुलबर्गा कसं आहे?" काय सांगणार? मी स्वतः कुठं बघितलंय. बीदरही नाही. गोल घुमट सहावीच्या सहलीत बघितला. त्यातलं आठवतं एवढंच की मी वर जाऊन ओरडलो आणि सरांनी कान पिळला.

माझा बेत असा आहे: पहिला दिवस विजापूर, मग गुलबर्गा, मग बीदर, येताना सोलापूर. जुनी वॅगन-आर आहे. आई म्हणते गाडी कशाला, बसनं जाऊ, कर्नाटकच्या सरकारी बसला बायकांना तिकीट नाही. क्रम बरोबर आहे काय? बाबांना कुठं चढवायचं, कुठं बसवायचं? कोण जाऊन आलं असेल तर नीट सांगा.

कॅम्पातला

हंपीच परत करा हो. बीदरात काय ठेवलंय?

शहापूरचा झेरॉक्सवाला

तेच बघायला चाललोय.

निपाणीचा एमआर (निवृत्त)

बावीस वर्षं मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह म्हणून औषधांची बॅग घेऊन हा मुलूख फिरलोय, अथणीपासून औरादपर्यंत. डॉक्टर लोक दुपारी एक ते पाच झोपतात. तेवढ्या वेळात एमआरनं करायचं काय? बाकीचे लॉजवर पत्ते खेळायचे, मी किल्ले बघायचो. त्यामुळं जे सांगतोय ते भर दुपारी, टाय लावून बघितलेलं आहे.

तुमच्या बेतात चूक एकच आहे, खरं ती मोठी आहे. घुमट पहिल्या दिवशी ठेवलाय. मी हेच केलं होतं. बायको आणि मुलीला घेऊन आधी विजापूर बघितलं. ४४ मीटर व्यासाचा तो घुमट, आत एकही खांब नाही, वरच्या सज्जात या टोकाला घड्याळाची टिकटिक केली तर त्या टोकाला ऐकू येते. मुलगी खूश. दुसऱ्या दिवशी गुलबर्ग्याच्या किल्ल्यात शिरलो तर म्हणते, "एवढंच?" आणि जाऊन गाडीत बसली. बीदरातसुद्धा तिचं तोंड तसंच. पोळी आधी वाढली की भाताला कोण विचारतो?

म्हणून सांगतो, उलटं करा. विजापूर ओलांडून थेट गुलबर्गा गाठा, मग बीदर, मग बसवकल्याण, नळदुर्ग, सोलापूर आणि शेवटी विजापूर. यात आणखी एक फायदा आहे. पोराच्या धड्याचा क्रमही हाच आहे. १३४७ साली अलाउद्दीन हसन बहामनशाहानं गुलबर्ग्याला गादी मांडली. पुढच्या शतकात अहमदशाहानं ती बीदरला नेली. राज्य मोडायला लागलं तेव्हा १४९० च्या आसपास युसुफ आदिलखान विजापुरात स्वतंत्र झाला. गोल घुमट तर त्याच्याही नंतरचा. त्यात पुरलेला महंमद आदिलशाह वारला १६५६ साली. म्हणजे तीनशे वर्षांच्या गोष्टीचं शेवटचं पान तुम्ही पोराला आधी वाचून दाखवताय.

गुलबर्ग्यात जास्त वेळ घालवू नका. किल्ल्यातली जामा मशीद मात्र सोडू नका, आणि जा ते दुपारीच. १३६७ ची आहे. मशीद म्हटलं की मध्ये उघडं अंगण असतं ना? इथं अंगणच नाही, सगळी छताखाली. बुटक्या, रुंद कमानी एकापाठोपाठ एक, आणि कडेच्या कमानींतून येणारा उजेड आत जाता जाता मंद होत जातो. बाहेर ऊन भाजत असतं, आत पाय गार पडतात. पायऱ्यांची कटकट नाही, तुमचे बाबा आरामात फिरतील. मी तिथं एकदा पाऊण तास नुसता बसलो होतो. त्या दिवशीचा सेल्स रिपोर्ट कोरा गेला. संध्याकाळी हफ्त गुंबज, म्हणजे बहामनी सुलतानांच्या कबरी बघून सोडा. बंदेनवाज या सूफी संतांचा दर्गाही तिथंच जवळ आहे.

आता बीदर. तिथं दोन रात्री काढा, यात घासाघीस नको. महमूद गवानचा मदरसा बघताना पोराला एक गोष्ट नक्की सांगा. हा गवान बहामनींचा वजीर, मूळचा इराणातला. त्यानंच १४७२-७३ च्या सुमाराला आपल्या बेळगावच्या किल्ल्याला वेढा घातला. आपला खंदक, आपला तट, त्याला सुरुंग लावून त्यानं तो घेतला. आणि त्याच १४७२ सालचा हा मदरसा, तीन मजली, दर्शनी बाजूला निळ्या-हिरव्या फरशांची नक्षी. आता एकच मिनार उभा आहे, फरशाही बऱ्याच गळल्यात, खरं जेवढ्या उरल्यात तेवढ्या बघून मान अवघडते. असा माणूस, त्याला १४८१ मध्ये कुणीतरी बनवलेल्या खोट्या पत्रावरून फितूर ठरवून सुलतानानं मारलं. तुमच्या बाबांना सांगा, बनावट दस्तऐवजाची केस आहे. ते तिथून हलणार नाहीत.

बसवकल्याणही बाबांच्या खात्यातच जातं. चालुक्यांची राजधानी. विज्ञानेश्वरानं मिताक्षरा हा हिंदू कायद्याचा ग्रंथ तिथंच लिहिला. शिरस्तेदार साहेबांनी वाटणीच्या दाव्यांत हे नाव हजारदा ऐकलं असेल, ते गाव बघायला मिळेल. बाराव्या शतकात बसवेश्वर होते ते हेच कल्याण.

भालकीची लेक, खानापूरची सून

एमआर काकांनी बीदरला दोन रात्री दिल्या, बरं वाटलं. माझं माहेर बीदर जिल्ह्यातलं भालकी. दरवर्षी मे महिन्यात खानापूरहून तिकडं जातो तेव्हा इकडचे लोक विचारतात, "तिकडं मराठी चालतंय काय?" अहो, आमच्या घरात दुसरं काय चालतं! १९५६ पर्यंत आम्ही हैदराबाद राज्यात होतो, त्यामुळं आमच्या मराठीत उर्दू मिसळलेली आहे एवढंच. बीदरच्या बाजारात तुम्ही मराठीत विचारा, समोरचा हिंदीत उत्तर देईल आणि हिशेब कन्नडात करेल.

किल्ल्यात रंगीन महाल बघा. बऱ्याचदा त्याला कुलूप असतं. लोक बाहेरूनच परत जातात. आम्ही आतल्या पुरातत्त्ववाल्यांना नीट विचारलं तर त्यांनी माणूस पाठवून उघडून दाखवला. काळ्या दगडात शिंपल्याची जडण आहे, मोबाइलचा उजेड तिरका मारला की चमकते. किल्ल्याचा खंदक खडक फोडून केलाय, मध्ये दगडाच्या दोन भिंती ठेवून तिहेरी. तो पोराला वरून दाखवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी अष्टूरला जा. गावाबाहेर तीन-चार किलोमीटरवर शेतात बहामनींच्या कबरी ओळीनं उभ्या आहेत. अहमदशाह वलीच्या कबरीत छतभर रंगकाम आहे, लाल आणि सोनेरी. आत अंधार असतो, डोळे सरावेपर्यंत थांबा, मग हळूहळू दिसायला लागतं. आमच्याकडं लिंगायत लोक त्याला अल्लमप्रभू मानतात, उरुसाला जंगमाचा मान असतो. शेजारचा हुमायूनचा घुमट वीज पडून अर्धा गेलाय, कलिंगडाची फोड कापल्यासारखा. घुमटाची भिंत किती जाड असते ते आतून-बाहेरून एकदम दिसतं. विजापूरचा घुमट बघण्याआधी हे बघितलं की तिथं वर मान करून काय बघायचं ते कळतं.

आणि बिदरी. चौबारा मनोऱ्याकडून मदरशाकडं जाताना कारागिरांची दुकानं लागतात. नुसता डबा विकत घेऊन येऊ नका, करताना बघा. जस्त जास्त आणि तांबं थोडं अशा धातूचं भांडं ओततात, त्यावर नक्षी कोरून चांदीची तार ठोकून बसवतात. तोवर सगळं राखाडीच दिसतं, चांदी कुठली ते कळतसुद्धा नाही. मग किल्ल्यातली जुनी, ऊनपाऊस न लागलेली माती आणि नवसागर पाण्यात उकळून त्यात भांडं बुडवतात. धातू काळाकुट्ट होतो, चांदी तशीच पांढरी राहते. माती चालेल की नाही हे कारागीर जिभेवर ठेवून सांगतो. माझ्या लग्नात आलेली अत्तरदाणी अजून काळीच आहे. खोबरेल तेलाचं बोट फिरवलं की झालं. चिंचेनं घासू नका, आमच्या सासूबाईंनी एकदा घासली होती.

अथणीकर

एमआर साहेब, तुमचं सगळं मान्य, खरं पहिल्याच दिवशी बेळगाव ते गुलबर्गा? विजापूरपर्यंत दोनशे, पुढं आणखी दीडशेच्या वर. ७४ वर्षांच्या माणसाला? आणि दिवाळीनंतर म्हणजे कारखाने सुरू. चिकोडी सोडली की उसाचे ट्रॅक्टर. मागं दोन डबे, दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि टेपवर गाणी एवढी मोठ्यानं की हॉर्न ऐकू जात नाही. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा. पहिली रात्र विजापुरातच काढा.

तसंही घुमट लपवणार कसा? शहरात शिरायच्या आधीच तो दिसतोय. पोराचे डोळे बांधणार काय?

आमच्या अथणीत थांबलात तर चपला बघा. कोल्हापुरी म्हणून जगभर जातात त्यातल्या कितीतरी आमच्याकडं शिवतात. आजोबांना मऊ चामड्याच्या घ्या, नव्या नव्या चावतात त्या नकोत.

निपाणीचा एमआर (निवृत्त)

ट्रॅक्टरचं बरोबर आहे. मी स्कूटरवरून एकदा त्याच्याखाली जाता जाता वाचलोय. ठीक, रात्र विजापुरात काढा. खरं घुमटाच्या आवारात पाऊल टाकायचं नाही, लांबूनच दिसू दे. संध्याकाळी इब्राहिम रोजा बघा, म्हणजे दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाची कबर. तो नाजूक आहे, त्यानं पुढचं काही फिकं पडत नाही. या इब्राहिम दुसऱ्याच्या किताब-ए-नौरस या पुस्तकात सरस्वतीची स्तुती आहे. राज्याच्या हिशेबात मराठी तर त्याच्या आजोबांच्या वेळेपासूनच, म्हणजे पहिल्या इब्राहिमानं फारसी काढून टाकली तेव्हापासून. हे मी दरवेळी सगळ्यांना ऐकवतो, कोण ऐकत नाही.

शेवटच्या दिवशी घुमट उघडल्या उघडल्या वर चढा, शाळांच्या बसेस यायच्या आत. एकदा पोरं आली की आवाज सात-आठदा घुमतो आणि कुजबुज काय ती ऐकूच येत नाही. कोपऱ्यातल्या सात मजली मनोऱ्यातून जिना आहे, पायऱ्या उंच आणि जिना अरुंद. बाबांना चढवू नका. समोर नगारखान्यात म्युझियम आहे, तिथं बसवा. मग मलिक-ए-मैदान. पंचावन्न टनांची तोफ, १५४९ साली अहमदनगरला ओतलेली, मुरार जगदेवानं परांड्याहून विजापुरात आणली. तिथं चढ थोडकाच आहे, बाबाही येतील.

तेवढं नळदुर्ग बसवा. बोरी नदीवर बांध घालून त्या बांधाच्या पोटातच महाल केलाय, वरून पाणी आणि आत खोल्या. तुम्ही जाल तेव्हा पाणी कमी असेल, तरी बघा. सहावा दिवस काढता आला तर काढा. झेरॉक्स कुणाची अडत नाही.

शहापूरचा झेरॉक्सवाला

सगळ्यांचे आभार. काका, परीक्षेचे फॉर्म सुटले की झेरॉक्स भल्याभल्यांची अडते, खरं सहावा दिवस काढलाय.

घरी वाचून दाखवलं. मिताक्षरा म्हटल्यावर बाबा उठून आत गेले आणि जुनी डायरी घेऊन आले. आता बसवकल्याणला किती वेळ थांबायचं यावर ते आणि पोरगा भांडताहेत. बायकोनं बिदरीचं बजेट विचारलं, मी ऐकलं नाही असं दाखवलं. ताई, दुकानात गेल्यावर काय मागायचं म्हणजे कमी पैशात सुटतो, तेवढं सांगून ठेवा.

आई मात्र हटून बसलीय. ती म्हणते तुम्ही चौघं गाडीनं या, मी आधार कार्ड घेऊन लाल बसनं येतो. बीदरपर्यंत शून्याचं तिकीट. तिला सांगितलं, येताना सोलापूरच्या बाजूला कर्नाटकचं फुकट चालत नाही. तर म्हणाली, "मग तिथनं बसतो की गाडीत."