मदत हवी आहे: संबळ-हलगीचा तुकडा पोरांना वाजवता येईना

मांजराकाठ (लातूर)
कॉलेजच्या लोकवाद्यवृंदासाठी तुकडा बसवायलोय. कॉम्प्युटरवर लिहिलाय, तिथं जबरदस्त वाजतोय. तालमीत मात्र पोरं म्हणतात, "सर, हाताला जमंना." संबळावरून (काड्यांनी वाजवायचं जोडवाद्य) हलगीवर (हातात धरायचं चपटं चर्मवाद्य) जाताना सगळं कोसळतंय. शुक्रवारी कार्यक्रम आहे. काय बदलू, लवकर सांगा.

गोंधळघर (तुळजापूर)
वादक किती? लय किती? एकच पोरगा दोन्ही वाजवायलाय का? हे कळल्याशिवाय कुणी काय सांगणार?

मांजराकाठ
तालवादक तीन, शिवाय पेटी अन् तुणतुणं. एक ढोलकीवर, एक दिमडी-झांजेवर, तिसऱ्याकडं संबळ अन् हलगी. केरवा (८ मात्रांचा ताल), मिनिटाला १६० मात्रा. बदलायला मध्ये एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, मोकळं सोडलंय की.

बोलपढंत (परभणी)
मुळात नोटेशन देऊ नका. बोल लिहा, तोंडानं म्हणून घ्या. पढंत पक्की झाली की हात आपोआप चालतो.

गोंधळघर
पढंतीनं काड्या खाली ठेवल्या जात नाहीत, दादा. १६० लयीत ८ मात्रा म्हणजे ३ सेकंद. तेवढ्यात संबळाच्या दोन्ही काड्या ठेवायच्या, त्यातली एक टोकाला वाकडी, ती घरंगळते. मग हलगी उचलून डाव्या हातात धरायची, त्याच हातात बारीक काडी, उजव्यात टिपरू. कुणालाच जमायचं नाही. निदान चार आवर्तनं द्या, तेवढा वेळ ढोलकी अन् तुणतुणं चालू ठेवा. संबळ स्टँडवर आहे का कमरेला?

मांजराकाठ
कमरेला. गोंधळात उभ्यानंच वाजवतात ना.

गोंधळघर
हे आधी सांगायला पाहिजे होतं! कमरेला संबळ अन् हातात हलगी, पोरगं उभं तरी कसं राहणार? स्टँडवर ठेवा, काड्यांसाठी शेजारी स्टूलावर फडकं अंथरा.

गोदाकाठ (नांदेड)
सभागृहात माईक कसे लावलेत? संबळाला दोन लागतात, दोन्ही तोंडांना एकेक.

मांजराकाठ
माईकचं नंतर बघू. दुसरी अडचण अशी की शेवटी पेटीची पट्टी (आधारस्वर) काळी चारवरून पांढरी एकला जाते, तिथं ढोलकी बेसूर लागते.

बोलपढंत
ढोलकीचं शाईचं तोंड स्वरात लावलेलं असतं. चालू तुकड्यात एवढं उतरवता येत नाही, नटबोल्टची असली तरी नाही. दुसरी ढोलकी लावून ठेवा, नाहीतर पट्टी बदलूच नका. मी असतो तर पट्टी बदललीच नसती. अन् पोरांना गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या तबल्याच्या परीक्षांना बसवा, पाया पक्का होतो.

हलगीवाला (बीड)
कुणी हलगीबद्दल विचारलंच नाही. कातडी हाय का फायबर? दमट हवेत कातडं सैल पडतंय, बद्द आवाज येतोय. फायबर घ्या, झंझट नाही.

गोंधळघर
फायबरला कातड्याची खणखण कुठंय? शेकायची अन् वाजवायची.

हलगीवाला
सभागृहात जाळ कोण करू देणार तुमाला?

गोंधळघर
विंगेत हॅलोजनचा दिवा ठेवा, त्याच्यापुढं धरली की ताणते. फार जवळ नको, कातडं फाटंल.

कडकडाट (जालना)
अजून एक. मशीनचा हात थकत नाही. १६० वर सलग दोन-तीन मिनिटं दुगुण (दुप्पट वेग) लिहिलं असेल तर खांदा भरून येतो, मग पुढची तिहाई (तोच बोल तीनदा वाजवून समेवर येणं) निसटते. तिहाईच्या आधी दोन आवर्तनं साधा ठेका ठेवा. अन् हलगी चालू असताना तुणतुणं सोलोला देऊ नका, ऐकूच येत नाही.

मांजराकाठ
चार आवर्तनं दिली, संबळ स्टँडवर घेतलं, पट्टी बदलायची काढून टाकली. दुगुण मात्र मला हवंच आहे, त्यावरच तुकडा उभा आहे. लय १४० केली तर चालेल का?

कडकडाट
पोरांना विचारा. हात त्यांचे हायत.