प्रतिसाद: किल्लीतील सेल संपल्यावर गाडी सुरू करणे

बटणाने सुरू होणाऱ्या गाडीच्या रिमोट किल्लीतील सेल संपला की गाडी ओढून न्यावी लागते, असा दावा केला जातो. बहुतेक गाड्यांच्या बाबतीत ते खरे नाही. रिमोटच्या कडेची लहानशी खिट्टी सरकवली की आतून धातूची साधी किल्ली निघते आणि तिने चालकाच्या बाजूचे दार उघडते. काही गाड्यांत कुलपाचे छिद्र हँडलवरील प्लास्टिकच्या झाकणाखाली दडवलेले असते, त्यामुळे छिद्रच नाही असा समज होतो. दार असे उघडल्यावर भोंगा वाजू शकतो. घाबरू नये, इंजिन सुरू झाले की तो सहसा थांबतो.

इंजिन सुरू होण्यामागचे कारण मात्र समजून घेण्यासारखे आहे. रिमोटमधील ओळख पटवणाऱ्या चिपला सेलची गरजच नसते, कारण गाडीतील तारेच्या वेटोळ्याच्या चुंबकीय क्षेत्रातूनच तिला पुरेशी ऊर्जा मिळते. फक्त हे क्षेत्र काही सेंटिमीटरच पोहोचत असल्याने ब्रेक दाबून रिमोट थेट स्टार्ट बटणाला टेकवावा लागतो. काही उत्पादक त्यासाठी कन्सोलमध्ये (पुढच्या दोन आसनांमधील भागात) वेगळा खाचा ठेवतात. त्याची जागा गाडीच्या पुस्तिकेत आधीच पाहून ठेवावी, अंधारात शोधणे त्रासाचे होते. सेल बहुधा ३ व्होल्टचा सीआर२०३२ असतो, तरी जुन्यावरील क्रमांक पाहूनच नवा घ्यावा.